लकव्याला एकच पट्टी कशी चालेल? आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री व विभागाचे मा. सचिव,
महाराष्ट्र राज्य.

विषय: लकव्याची तपासणी करताना वय आणि स्त्री-पुरुष फरक लक्षात घेण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. दवाखान्यात येणारे थोडे, घरी जाऊन बघायचे जास्त, आणि त्यातले बहुतेक लकव्याचे. ते माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. माझं काम त्यानंतरचं: खांदा निखळू न देणं, पाऊल उचलायला शिकवणं, निदान संडासापर्यंत स्वतःचं स्वतः जाता यावं एवढी ताकद आणणं. पण पहिल्या दिवशी मी घरच्यांना मागचं सगळं विचारते. ते ऐकून ऐकून एक गोष्ट पक्की झाली आहे. आपण सरसकट लकवा, अर्धांगवायू किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो खरं, पण पंचविशीतली बाळंतीण, पंचेचाळिशीतला ड्रायव्हर आणि ऐंशीची आजी या तिघांचं दुखणं वेगवेगळं असतं. सरकारी तपासणी मात्र तिघांना एकाच पट्टीनं मोजते.

आधी आकडे देते, त्याशिवाय फाईल हलत नाही. २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका भागातल्या दीड लाखावर लोकवस्तीत पहिल्यांदा लकवा झालेल्यांची नोंद ठेवली. ४५६ जण निघाले: २३८ पुरुष, २१८ बायका. पुरुषांचं सरासरी वय ६३, बायकांचं ६९. आता दुसरी नोंद. २०१२ ते २०१४ दरम्यान देशातल्या पाच मोठ्या केंद्रांत गुठळीचा लकवा (मेंदूची धमनी रक्ताच्या गुठळीनं बुजून होणारा) झालेल्या २,०६६ रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यांत पुरुष ६७ टक्के, आणि सरासरी वय ५८.

वस्तीत जवळपास निम्म्या असलेल्या बायका मोठ्या हॉस्पिटलच्या दारात एक-तृतीयांशावर येतात. याचा सगळा दोष घरच्यांच्या माथी मारता येणार नाही. तरुण आणि मधल्या वयात लकवा पुरुषांनाच जास्त होतो. बायकांना तो उशिरा गाठतो, आणि उतारवयातला रुग्ण कुठल्याच मोठ्या केंद्रापर्यंत सहसा जात नाही. दोन्ही नोंदींची पद्धतही वेगळी आहे. तरीही दारोदार फिरताना जे दिसतं ते या तफावतीशी जुळतं. घरच्या कर्त्या पुरुषाचं तोंड वाकडं झालं की रात्रीच गाडी निघते. सासूबाईंची जीभ जड झाली तर ‘उपास होता, चक्कर आली असेल’ म्हणून लिंबू-सरबत पाजतात आणि सकाळ होऊ देतात. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तास मिळतात. ते त्या सरबतात जातात.

वर बायकांची लक्षणं कधीकधी फसवी असतात. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोबडी वळणं ही तीन मुख्य लक्षणं दोघांतही तीच. पण बायकांमध्ये त्यांच्या जोडीला गोंधळल्यासारखं होणं, एकदम गळून जाणं, डोकं दुखणं हे थोडं जास्त दिसतं. ‘बाईचं काहीतरी असतंच’ म्हणायला घरचे तयार असतात आणि पहिला डॉक्टरही.

गडचिरोलीचं उदाहरण तुमच्याच राज्यातलं आहे. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि तिथल्या ‘सर्च’ या संस्थेच्या चमूनं ८६ खेड्यांतल्या मृत्यूंचा दोन वर्षं माग काढला. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. मृत्यूचं सगळ्यात मोठं एकच कारण कोणतं निघालं? मलेरिया नाही, क्षय नाही. लकवा, १४.३ टक्के. आणि त्यातले १० पैकी जवळपास ९ जण घरीच गेले. लकवा हा शहरातल्या सुखवस्तू माणसाचा रोग, ही समजूत अजून ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो अहवाल मागवून घ्यावा.

आता प्रकारांकडे येते. मेंदूची धमनी गुठळीनं बुजते किंवा फुटते, हे ढोबळ दोन भाग सगळ्यांना माहीत असतात. मुंबईच्या नोंदीत गुठळीचे ८० टक्के होते, रक्तस्रावाचे १८ टक्क्यांच्या आसपास. वय आणि लिंग बोलतं ते याच्या आतल्या पोटप्रकारांत. बीपीनं मेंदूत खोलवरची बारीक वाहिनी फुटणं हे मधल्या वयाच्या पुरुषांत जास्त. धमनीवर आलेला फुगा फुटून मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरणं हे पन्नाशीनंतर बायकांत जास्त. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे गुठळी सुटून मेंदूत जाऊन अडकणं हे म्हातारपणाचं, आणि आपल्याकडे तरुण बायकांचंही. ते कसं ते पुढे सांगते. आणखी एक प्रकार लोकांच्या गावीही नसतो: मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होणं. जगभरात याचे रुग्ण बहुतांश तरुण बायका. हैदराबादच्या निम्स या मोठ्या हॉस्पिटलमधल्या ४२८ रुग्णांच्या नोंदीत मात्र निम्म्याहून थोडे जास्त पुरुष निघाले, तेव्हा पुरुषांनीही निर्धास्त राहू नये.

या शिरेच्या गुठळीवर आणि एकूणच बाळंतिणीच्या लकव्यावर जरा थांबते, कारण तो टाळण्याची यंत्रणा तुमच्याकडे उभी आहे. फक्त एक मशीन कमी आहे.

जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर एक लाख गरोदरपणांमागे साधारण ३० जणींना गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर लकवा होतो. जास्त धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत. रक्त तेव्हा सहज गोठतं. निसर्गानं ते बाळंतपणातला रक्तस्राव थांबावा म्हणून केलेलं आहे. शिवाय बाळंतिणीचं बीपी प्रसूतीनंतर लगेच नाही, तर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं. आपण तिला सरकारी दवाखान्यातून ४८ तासांनी घरी पाठवतो. म्हणजे बीपी चढतं तेव्हा ती घरी, शेगडीशेजारी, कान बांधून पडलेली.

आणि नेमक्या तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आशाताई तिच्या दारात असतात! घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि पुढे देशानं उचलली. आशाताई झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करतात, काखेत थर्मामीटर लावतात, दूध ओढतं का विचारतात, आईला रक्तस्राव आणि तापाचं विचारतात. सगळं नीट, फॉर्म भरून. पण आईच्या दंडाला पट्टा बांधायला त्या पिशवीत बीपीचं मशीनच नसतं. डिजिटल मशीन काही फार महाग नाही. ते द्या, आणि फॉर्मवर दोन रकाने वाढवा: आजचं बीपी, आणि डोकं दुखतंय का. दुखत असेल तर रोज वाढतंय का, उलटी होते का, दिसायला अंधुक लागतं का, झटका आला का. असं असेल तर ‘बाहेरचं’ बघायला न जाता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनाही सांगावं लागेल की साधा सिटी स्कॅन नॉर्मल आला तरी गुठळी असू शकते, शिरांचा वेगळा स्कॅन लागतो. शिरेची गुठळी वेळेत ओळखली तर दहातल्या आठ जणी ठणठणीत बऱ्या होतात. लकव्याच्या दुसऱ्या कुठल्या प्रकारात असं सांगता येत नाही.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ‘पोट सुटेल’ म्हणून, ही पद्धत अजून अनेक घरांत आहे. वैशाखात पत्र्याच्या खोलीत शेकशेगडी आणि वर पाणी मोजून. शरीर सुकलं की रक्त घट्ट होतं, त्यात पंडुरोग असला की आणखी भर. हे आजीला पटवून द्यायचं काम पोस्टरनं होत नाही, आशाताईंच्या तोंडूनच होतं.

एक गोम अशी की आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदवलेलं सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या, आणि सव्वा महिन्यानं किंवा तीन महिन्यांनी परत सासरी. गरोदरपणात बीपी चढलं होतं हे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड बाळाच्या लसीकरणापुरतं जपलं जातं आणि मग ट्रंकेत जातं. पण ज्या बाईला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला, तिला पुढच्या आयुष्यात लकव्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. तिशीनंतर कुणाला कसला धोका आहे हे बघायला आशाताई जो सीबॅक नावाचा फॉर्म भरतात त्याच्या गुणांकनात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला इतिहास येतो. बाई-पुरुष फरक फक्त कंबरेच्या मापात: तिला ८० सेंटिमीटर, त्याला ९०. ‘गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का’ हा प्रश्न त्या गुणांत नाही. तो घाला. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

तंबाखूचा प्रश्न त्या फॉर्मवर आहे, पण गुटखा-खैनीचं विचारलं की आमच्याकडच्या बायका ‘छे, मी नाही’ म्हणतात. मशेरी ही त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच, दात घासायची वस्तू असते, तपकिरीचंही तेच. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि बहुतेकजणी बिनधुराची. मशेरी असं नाव घेऊनच विचारायला शिकवा.

आता पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरी-गणपती, घरचं लग्न, सत्यनारायण, वारी आली की मेडिकलमधून त्या हातोहात जातात. खरं तर या गोळ्या चिठ्ठीवरच द्यायच्या. त्यातल्या औषधाचा काही भाग शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनसारखा होतो आणि रक्त गोठायची शक्यता वाढवतो. धडधाकट बाईनं चार दिवस घेतल्या तर धोका फार कमी, हे स्पष्ट सांगते; उगाच कुणाला घाबरवायचं नाही. पण नुकतीच बाळंत झालेली, आधी कधी गुठळी झालेली, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येऊन मग अर्धशिशी उठणारी बाई यांना त्या देणं म्हणजे विस्तवाशी खेळ. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी देऊच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकषच सांगतात. अन्न व औषध प्रशासन तुमच्या शेजारच्याच खात्यात बसतं. भाद्रपदाच्या आधी औषधविक्रेत्यांना एक परिपत्रक काढायला काय हरकत आहे? पाळीत पूजेला बसायचं की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा मामला. माझं मत विचाराल तर गौरीला चालतं.

तरुण बाईच्या लकव्याचं आणखी एक कारण श्रीमंत देशांत आता फारसं दिसत नाही: संधिवाताच्या तापानं खराब झालेली हृदयाची झडप. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, कुणी लक्ष दिलं नाही. तिशी-चाळिशीत झडप अरुंद, ठोके अनियमित, आणि एक दिवस गुठळी मेंदूत. अशा रुग्णांवरच्या २०२२ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सरासरी वय पन्नाशीचं आणि ७२ टक्के बायका होत्या. त्याच चाचणीनं दाखवलं की त्यांच्यासाठी रक्त पातळ करायची जुनी गोळीच नव्या गोळीपेक्षा चांगली. पण जुन्या गोळीला दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं, ते बघावं लागतं. आमच्या तालुक्यातून त्यासाठी जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचा खर्च. दोन महिने जातात, तिसऱ्या महिन्यात तपासणी सुटते, मग गोळीही सुटते. ही तपासणी ग्रामीण रुग्णालयात रोज व्हायला हवी.

पुरुषांचं वेगळं. तिशीनंतरच्या तपासणीला आशाताई सकाळी अकराला घरोघर जातात. त्या वेळी घरात बायका आणि म्हातारी माणसं. चाळिशीतला पुरुष शेतावर, कारखान्यावर, नाही तर ट्रकच्या स्टेअरिंगवर. त्याच्या नावापुढे ‘घरी नाही’. माझ्याकडे या वयाचे जे येतात त्यांतल्या कितीतरी जणांचं बीपी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं गेलं ते आयसीयूत. ३२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लकव्याचा जवळपास ९० टक्के भार बदलता येण्याजोग्या दहा कारणांवर गेला, बाई असो की पुरुष. आणि दोघांतही पहिलं कारण बीपी. पुरुषाच्या बाबतीत त्यात तंबाखू आणि दारूची भर पडते. बायका मोजल्या जातात पण नेल्या जात नाहीत, पुरुष नेले जातात पण आधी मोजले जात नाहीत, असा हा उफराटा कारभार आहे. पुरुषांसाठी तपासणी संध्याकाळी ठेवा: आठवडी बाजारात, एसटी डेपोत, साखर कारखान्याच्या गेटवर. सलूनमध्ये मशीन ठेवलं तरी चालेल. तिथं तो अर्धा तास गप्प बसतो.

कारखान्याचा विषय निघाला म्हणून. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यावर पिशव्या का काढल्या एवढीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायकांचं पुढे काय? पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली, विशेषतः पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असली, तर लकवा आणि हृदयविकार दोन्हींचा धोका वाढतो. या बायकांची यादी सरकारकडेच आहे. दिवाळीनंतर त्या टोळीबरोबर निघतात. निघायच्या आधी दरवर्षी त्यांचं बीपी आणि शुगर बघून गोळ्या पदरात बांधून पाठवणं एवढं तरी त्यांचं देणं लागतो आपण.

आता आज्या. पंचावन्ननंतर दर दहा वर्षांनी लकव्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि बाई जास्त जगते, म्हणून शेवटी ती पुरुषाला गाठते. ठोके अनियमित झाले की धोका पाचपट. हे ओळखायला ईसीजीच्या आधी दोन बोटं पुरतात: मनगटाची नाडी अर्धा मिनिट. अलीकडच्या बऱ्याच डिजिटल बीपी मशीनवरही त्याची खूण येते, पण तिचा अर्थ कुणाला शिकवलेला नसतो. पासष्टीपुढच्या प्रत्येकाची नाडी उपकेंद्रात वर्षातून एकदा बघितली गेली आणि शंका आली तर ईसीजी झाला, तर बरंच काही टळेल. आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगायला हवी: ऐंशी ओलांडली म्हणून गुठळीचं इंजेक्शन नाकारायचं नसतं. ‘वय झालंय, आता कुठं न्यायचं’ हे नातेवाईक म्हणतात ते एक वेळ समजू शकते. पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं की माझी तिडीक उठते.

लकव्यानंतरचं थोडं सांगते, ते माझ्या धंद्यातलं आहे. पुरुष पेशंटच्या घरी मला विचारतात, ‘चालायला लागतील ना?’ बाईच्या घरी विचारतात, ‘भाकरी थापता येईल ना?’ पुरुषाचे व्यायाम बायको करून घेते, मी शिकवलेलं वहीत लिहून ठेवते, महिनोन्‌महिने. बाईचे व्यायाम दोन-तीन आठवड्यांत बंद पडतात, आणि बहुतेक वेळा तीच बंद करते: ‘सुनेला माझ्यामुळं काम पडतं, राहू द्या आता.’ एकट्या राहणाऱ्या विधवांचं तर विचारूच नका. बायका लकव्यानंतर जास्त पंगू राहतात असं अभ्यास सांगतात. त्यात वयाचा वाटा आहे, उशिराचा आहे, आणि या ‘राहू द्या’चाही आहे. फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटलातला खर्च निघतो. घरच्या फिजिओथेरपीला कुणी वाली नाही. निदान पहिले तीन महिने तालुक्याला एक सरकारी फिजिओथेरपिस्ट घरी जाईल अशी सोय करा. ती नेमणूक मला द्या असं म्हणत नाही, माझं बरं चाललं आहे.

शेवटची मागणी बिनखर्चाची. जन आरोग्य योजनेच्या प्रत्येक दाव्यावर रुग्णाचं वय आणि लिंग असतंच. १०८ ला फोन किती वाजता आला याचीही नोंद असते. या दोन्ही नोंदी तुमच्याकडेच आहेत. लकव्यापुरत्या त्या एकत्र करून जिल्हावार एक तक्ता काढा: किती पुरुष, किती बायका, कोणत्या वयाचे, गुठळी की रक्तस्राव, लकवा झाल्यावर किती तासांनी पोचले आणि किती जणांना इंजेक्शन मिळालं. दरवर्षी २९ ऑक्टोबरला, जागतिक लकवा दिनाला, तो जाहीर करा. आमच्या जिल्ह्याच्या ओळीत बायकांच्या रकान्यात काय येतं ते मला बघायचं आहे, आणि तो तक्ता निघणार की नाही एवढं तरी या पत्राच्या उत्तरात कळवावं.

कळावे,

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक फिजिओथेरपिस्ट